सव्वा किलोचा हट्ट

शिवांजलीला लॅपटॉप घ्यायचा होता आणि ही गोष्ट तिने घरात बोलून दाखवली, इथेच तिचं चुकलं. सातारा-सांगलीकडे माणूस नुसती चप्पल घ्यायला निघाला तरी वाटेत चार जण थांबवून त्याला त्याच्याच पायाचा नंबर सांगतात. लॅपटॉप म्हटल्यावर तर काय, अख्ख्या घराला कंठ फुटला.

तशी शिवांजली काही कुणाच्या सल्ल्यावाचून अडलेली बाई नव्हती. वय तेहतीस. माहेर तासगावचं, सासर कराडजवळच्या एका गावात. नवरा जयराज फौजेत, सासरे आकाराम, म्हणजे घरातले आबा, फौजेतूनच सुभेदार होऊन निवृत्त झालेले. तासगावात ठिबकचं सामान विकणाऱ्या एका दुकानदाराकडे तिने सहा वर्षं पाईपलाइनचे नकाशे काढले. कुठल्या बागेला किती जाडीचा पाईप लागेल, पाणी कुठवर जोरात जाईल आणि कुठे दम सोडेल, हे ती जमिनीचे चढउतार बघून सांगायची. नकाशा हिचा, सही मालकाची. पाणी नीट पोचलं की मालकाची वाहवा, आणि कुठे बोंब झाली की ‘त्या मॅडमनी काढलं होतं’. हे ऐकून ऐकून कान किटले तेव्हा गेल्या पाडव्याला तिने काम सोडलं. दुकानाचा लॅपटॉप दुकानात ठेवला. मालक हसून म्हणाले, ‘‘जा, जा. खुर्ची ठेवतो हं तुझी.’’ ते हसणं तिला फार झोंबलं.

मग तिला तिचं पहिलं स्वतंत्र काम समोर दिसायला लागलं. कवठे महांकाळकडच्या एका गावात नऊ द्राक्षबागायतदारांनी मिळून एक मोठं शेततळं खणलं होतं. त्या तळ्यातून नऊ जणांच्या बागांत एकच सामाईक पाईपलाइन न्यायची होती. ती कुठून न्यायची हे ठरवून द्यायचं काम शिवांजलीकडे येऊ घातलं होतं. जमलं तर तिचं नाव त्या भागात होणार होतं. नाही जमलं तर त्या खुर्चीवर मुकाट्याने परत जाऊन बसायचं.

आता या कामात एक मेख असते. सामाईक पाईपलाइनीला होकार मिळतो तो बांधावर. नऊच्या नऊ जण एका वेळी बांधावर उभे पाहिजेत, ‘तुझ्या इथनं अशी जाणार, तुझ्या इथं व्हॉल्व्ह येणार’ हे प्रत्येकाला तिथल्या तिथं दिसलं पाहिजे, आणि सगळे हो म्हणाले की लगेच नारळ फोडायचा. नारळ फुटला की शब्द पक्का. तो न फुटता माणसं घरी गेली, की रात्रीत कुणाची बायको, कुणाचा भाऊ, कुणाचा मेहुणा बोलतो आणि सकाळी पाच जणांची मतं बदललेली असतात. शिवांजलीने हे सहा वर्षं डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून तिला हातावर धरून बांधाबांधाने फिरता येईल असा लॅपटॉप हवा होता. सव्वा किलोचा, दिवसभर बॅटरी पुरणारा. जूनपासून तिने चौकशी केली, कराडच्या दुकानात दोनदा जाऊन हातात धरून बघितला. दुसरा एक दणकट लॅपटॉप होता, तोही बघितला. तो पाण्याच्या दाबाचं गणित तीन सेकंदांत करायचा, हा सव्वा किलोचा वीस सेकंदांत. पण त्याचं वजन दुप्पट, चार्जरच विटेएवढा, आणि बॅटरी जेमतेम दोन तास. ड्रोनचे फोटो जोडायला तेवढी ताकद लागते, पण ते काम महिन्यातून एखादं, आणि ते सांगलीत करून मिळत होतं. शिवांजलीचा हिशेब साफ होता. वीस सेकंद थांबायला तिची काही हरकत नव्हती.

हरकत बाकीच्यांची होती! धाकटा दीर इंद्रजित पुण्यात कंपनीत कामाला. तो फोनवर म्हणाला, ‘‘वहिनी, हा घेऊ नका. दोन वर्षांनी रडाल. घ्यायचा तर ताकदीचा घ्या, पुढचा विचार करा.’’ शिवांजली म्हणाली, ‘‘अरे, मला आत्ताचा विचार आहे. बांधावर धरायचाय मला तो.’’ तो म्हणाला, ‘‘टेबलावर ठेवायचा.’’ बांधावर टेबल कुठून आणू, हे विचारायच्या आत त्याची मीटिंग लागली. जयराज बॉर्डरवरून आठवड्यातून एकदा बोलायचा, त्यात निम्मा वेळ रेंज नसायची. तो म्हणाला, ‘‘आबांना विचार की.’’ लॅपटॉपचं आबांना काय विचारायचं? पण विचारलं नाही म्हणून कुणी गप्प बसतं होय? आबांनी दुकानातलं छापील पत्रक हातात घेतलं, चष्मा पुसला आणि दोन्ही चित्रं बोटाने दाबून बघितली.

‘‘ह्यो पापडागत हाय,’’ आबा म्हणाले. ‘‘ह्यो घे. ह्याचं अंग बघ.’’

‘‘आबा, मला अंग नकोय. मला रोज उचलायचाय.’’

‘‘आमी वीस किलोचा पिट्टू पाठीवर घिऊन डोंगर चढलोय, पोरी.’’

‘‘तुम्ही चढलात, आबा. पण मला एसटीत उभं राहायचं असतं.’’

आबांनी मान डोलावली. शिवांजलीला वाटलं, पटलं. अहो, कसलं पटतंय! मान डोलावणं ही आबांची पत्रक घडी घालून खिशात ठेवायची पद्धत होती.

खंडेनवमीला ती तासगावहून दुपारी घरी आली तर सोप्यात पाट मांडलेला. विळे, खुरपी, कोयता, ट्रॅक्टरची किल्ली, आबांची जुनी संगिनीची मूठ, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, खोक्यातून काढून, उघडा करून ठेवलेला काळाकुट्ट दणकट लॅपटॉप. झाकणावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. कीबोर्डावर झेंडूची फुलं आणि अक्षता. आबा नवा सदरा घालून उभे, तोंडावर हसू मावत नव्हतं. ‘‘तुझं पैसं ठीव तुला,’’ ते म्हणाले. ‘‘ही माझ्याकडनं भेट. दुकानातला सगळ्यात जड नग हाय, लक्षात ठेव.’’

शिवांजलीने येत्या शनिवारी तो सव्वा किलोचा आणायचं ठरवलेलं होतं, दुकानदाराला तसं सांगूनही ठेवलं होतं. ती हळूच सासूबाईंच्या मागे स्वयंपाकघरात गेली.

‘‘आई, खोकं फोडलं असलं तरी दुकानदार आठवड्याच्या आत बदलून देतो.’’

‘‘आगं, पूजा झालेली वस्तू परत करायची आसती व्हय?’’ सासूबाई पुरणाकडे बघत म्हणाल्या. ‘‘कुक्कू लागलंय त्येला. आन् त्येंचा आनंद तर बघ.’’

हेच तर! रागवायला जागाच ठेवली नव्हती कुणी. आबांनी शिवी दिली असती तर उलट बोलता आलं असतं. भेट दिल्यावर काय बोलणार? ती बाहेर येऊन आबांच्या पाया पडली आणि अक्षता एक एक करून पिनने उकरून काढत बसली. दोन दाणे आत गेले ते गेलेच.

दुसऱ्या दिवसापासून तो दगड तिच्या खांद्यावर आला. कराडहून तासगावची एसटी, तिथून मैत्रिणीच्या दारात ठेवलेली स्कूटी, तिथून कवठे महांकाळचा रस्ता. उजव्या खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ उठला तर ती पिशवी डाव्यावर घ्यायची, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही खांदे सारखे दुखायचे. कंडक्टर म्हणायचा, ‘‘मॅडम, बॅगेत काय पाटा-वरवंटा हाय काय?’’ सगळी गाडी हसायची. शिवांजलीला हसू यायचं नाही.

दिवाळी झाल्यावर नऊ जण पहिल्यांदा एकत्र आले. छाटणी उरकलेली, फवारण्यांची धांदल, त्यातून दुपारचे दोन तास सगळ्यांनी काढलेले. म्होरके होते गुंडा मास्तर, वयस्क, सगळ्यात मोठ्या बागेचे मालक. शेवटच्या टोकाची बाग राहीबाईंची, त्या एकट्याच बाग सांभाळायच्या. शिवांजलीने तळ्यापासून सुरुवात केली. लॅपटॉप एका हातावर पेलवेना म्हणून गुडघा वर करून त्यावर ठेवायचा, एक बांध झाला की बंद करायचा, पुढच्या बांधावर परत उघडायचा. पंखा भणाणायला लागला. पाचव्या बांधावर सगळे वाकून बघत असताना पडदा काळा झाला. बॅटरी संपली.

‘‘बंद पडला?’’

‘‘चार्ज करायला लागेल. मोटारीच्या खोलीत लाईट...’’

‘‘लाईट आता रात्री अकराला येणार, ताई.’’

झालं! कुणी पान काढलं, कुणाला फवारणी आठवली. दहा मिनिटांत बांधावर फक्त शिवांजली उरली. नारळ पिशवीत तसाच. आणि सकाळी फोन यायला सुरुवात झाली. एकाला व्हॉल्व्ह नको होता, दुसऱ्याला पाईप भावाच्या बांधाने हवा होता, आणि तिसऱ्याने तर सरळ सांगितलं की तासगावच्या दुकानदाराला एकदा विचारून बघू. तासगावचा दुकानदार म्हणजे तिचेच जुने मालक. तिचं डोकं भणभणलं.

त्या संध्याकाळी चहा घेताना तिने घरात सगळं सांगितलं. शांतपणे, एकेक करून. ‘‘आबा, तो जड आहे. त्याची बॅटरी पुरत नाही. माझं काम जायची वेळ आलीय. मला तो दुसराच पाहिजे होता. मी माझ्या पैशाने आणते तो.’’

आबांनी बशी खाली ठेवली. त्यांच्या तोंडावर काळजी दिसली, आणि शिवांजलीला वाटलं, आता तरी ऐकलं.

‘‘दुसरा कशाला? जड हाय, तर मी उचलीन की,’’ आबा म्हणाले. ‘‘मला काय काम हाय हितं? आन् बॅटरीचं म्हणशील तर ट्रॅक्टर हाय गुंडा मास्तरकडं. त्येच्या बॅटरीला इन्व्हर्टर जोडू. झालं काम. एवढ्यासाठी पोरगी रडती!’’

‘‘मी रडत नाही, आबा. मी सांगतेय.’’

‘‘तेच की.’’

तेच नव्हतं हो! पण आबांनी तोवर गुंडा मास्तरांना फोन लावलाही होता. आबांचा फौजेतला एक दोस्त मास्तरांच्याही ओळखीचा निघाला आणि गप्पा अर्धा तास रंगल्या.

पुढच्या आठवड्यात वरातीसारखी मिरवणूक निघाली. पुढे आबा, खांद्यावर पिशवी, छाती पुढे. मागे शिवांजली मोकळ्या हाताने. शेतावर ट्रॅक्टर आणून उभा केलेला, इन्व्हर्टर जोडलेला, बॉनेटवर पोतं अंथरून त्यावर लॅपटॉप. चालू केला. चालला, छान चालला, तीन सेकंदांत गणित केलं. फक्त बॅटरी बसू नये म्हणून इंजीन चालू ठेवायला लागत होतं, आणि त्या धडधडीत शिवांजलीचा आवाज तिचा तिलाच ऐकू येईना.

‘‘काय म्हणत्यात त्या?’’ मागच्यांनी विचारलं.

मग आबांनी तिच्या तोंडाजवळ कान नेला आणि परेडीवरचा आवाज काढून सांगितलं, ‘‘तळ्यापासनं दोन नंबरच्या बांधापत्तुर मोठा पाईप!’’ सगळ्यांनी माना हलवल्या. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा आबांनी स्वतःचं थोडं घातलं. चौथ्यांदा लोक तिच्याकडे बघेनासेच झाले. ‘‘सुभेदार, माझ्या हितनं कसं?’’ ‘‘सुभेदार, तुमी काय म्हणता?’’ सुभेदार भराभर सांगत होते. सुभेदारांना पाईपमधलं काही कळत नव्हतं, पण आवाजात इतका विश्वास होता की ऐकणाऱ्याला कळतंय असं वाटावं. शिवांजली तिच्याच नकाशाशेजारी उभी राहून हात चोळत होती.

आणि मग तो टेकाडाचा प्रश्न आला. मधे एक टेकाड होतं. शिवांजलीने पाईप त्याला वळसा घालून, ओढ्याच्या कडेने, गुंडा मास्तरांच्या बागेचा एक कोपरा कापून नेला होता. गुंडा मास्तरांना तो कोपरा द्यायचा नव्हता.

‘‘सरळ टेकाडावरनं न्या की!’’ ते ओरडले. ‘‘काय सुभेदार?’’

आबांनी टेकाडाकडे बघितलं. सरळ रेष त्यांना जन्मभर आवडत आलेली. ‘‘व्हय! सरळ! एकदम नीट!’’

‘‘आबा, तिकडून नको,’’ शिवांजली त्यांच्या कानात म्हणाली.

‘‘थांब जरा.’’

‘‘आबा, टेकाडावर पाईपात हवा धरेल. पुढे पाणी जाणार नाही.’’

‘‘आगं समदी हो म्हणायलीत, थांब! मागनं बघू.’’

समदी खरंच हो म्हणत होती. इतक्या दिवसांत झाली नव्हती ती एकी आबांनी पाच मिनिटांत केली होती. गुंडा मास्तरांनी पिशवीतला नारळ काढून हातात घेतला, दगड शोधला, टोपी सारखी केली. शिवांजलीने टेकाडावरची रेघ घालून बघितली होती आणि लॅपटॉपच्या पडद्यावर शेवटची बाग लालभडक दिसत होती. लाल म्हणजे पाणी नाही. राहीबाई घोळक्याच्या मागे उभ्या होत्या, त्यांना पडदाही दिसत नव्हता आणि बोलणंही ऐकू येत नव्हतं, तरी त्या बिचाऱ्या सगळ्यांबरोबर मान हलवत होत्या.

शिवांजलीला एका क्षणी सगळं स्वच्छ दिसलं. गप्प बसली तर काम तिचं. नारळ फुटणार, नाव होणार. आणि चैत्रात राहीबाईंची बाग वाळली की परत तेच, ‘त्या मॅडमनी काढलं होतं.’ तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती ट्रॅक्टरवर चढली आणि तिने इंजीन बंद केलं.

एकदम शांत झालं. लॅपटॉपचा पंखा तेवढा घरघरत राहिला.

‘‘कुणी बंद केलं रं?’’ आबा गरजले.

‘‘मी केलं. आबा, तुम्ही गप्प बसा.’’

नऊ माणसं आणि सुभेदार. गुंडा मास्तरांचा नारळाचा हात वरच राहिला.

‘‘पाईप टेकाडावरून गेला तर राहीबाईंच्या बागेत उन्हाळ्यात थेंब पोचणार नाही,’’ ती म्हणाली. ‘‘हे मी सांगतेय. सुभेदारांना यातलं काही माहीत नाही. काम माझं आहे. तुम्हाला मला विचारायचं असेल तर विचारा, नाहीतर तासगावला जा.’’

मग राहीबाई घोळक्यातून वाट काढत पुढे आल्या.

‘‘मग तुज्या म्हणण्यानं कुटनं न्यायची, बाई?’’

शिवांजली खाली उतरली. आखणीसाठी आणलेल्या पांढऱ्या फक्कीचं पोतं ट्रॅक्टरवर होतंच, त्यातली ओंजळभर घेतली आणि तळ्यापासून चालायला लागली, पांढरी रेघ ओढत. पुन्हा ओंजळ, पुन्हा रेघ. नऊ जण पोतं घेऊन मागून. ओढ्याच्या कडेला प्रत्येकाला उभं करून सांगितलं, इथे उतार आहे, इथे हवा सोडायची नळी येईल, इथे तुमचा व्हॉल्व्ह. गुंडा मास्तरांच्या कोपऱ्यावर तासभर घोळ चालला. ते चिडले, बसले, उठले, परत चिडले. शेवटी बाकीच्या आठांकडे बघून म्हणाले, ‘‘जाऊ द्या. पण माझ्या येलीच्या मुळाला धक्का लागला तर मी ऐकणार न्हाई.’’ आणि नारळ फोडला तो इतका रागाने की खोबऱ्याचे तुकडे ओढ्यात गेले.

काम मिळालं. नऊ जणांनी तिच्या नावाच्या कागदावर सह्या केल्या. तिला आनंद व्हायला पाहिजे होता, पण अंगात आनंदाला त्राणच उरलं नव्हतं.

येताना एसटीत आबा तिच्या शेजारी बसले नाहीत. पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत राहिले. कराडला उतरल्यावर पिशवी तिने मागितली तर दिली नाही. घरापर्यंत स्वतःच आणली, सोप्यात ठेवली आणि खांबाला टेकून बसले. सासूबाई पाणी घेऊन आल्या.

‘‘काय झालं? काम न्हाई मिळालं?’’

‘‘मिळालं,’’ आबा म्हणाले. ‘‘आज सुनंनं मला नऊ माणसांत गप्प बस म्हटलं.’’

‘‘आगं बाई! मग?’’

‘‘मग काय. बसलो.’’ त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, न पिताच खाली ठेवला. ‘‘सांगायचं तर एकांतात सांगायचं हुतं. मी काय ऐकलं नसतं व्हय?’’

शिवांजली मोरीत पाय धूत होती. फक्कीने नखं पांढरी झाली होती. ती तशीच ओल्या पायांनी सोप्यात आली.

‘‘एकांतात मी जूनपासून सांगतेय, आबा.’’

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग वाटेत तिला न दिलेली ती पिशवी हात लांबवून तिच्याकडे सरकवली.